ब्लॅकजॅकमध्ये हरल्यावर रक्कम दुप्पट करावी का, आणि ४०,००० रुपयांचे नियोजन कसे करावे

जालन्याच्या एका तरुण बियाणे व्यापाऱ्याने विचारले आहे की, ते आणि त्यांचे दोन मित्र डिसेंबरमध्ये दोन रात्रींसाठी पणजीला जाणार असून प्रत्येकाने ४०,००० रुपये बाजूला काढले आहेत. ब्लॅकजॅक म्हणजे पत्ते वाटणाऱ्या डीलरपेक्षा एकवीसच्या जवळ, पण त्याच्या पुढे न जाता पोचण्याचा पत्त्यांचा खेळ. त्याच्या टेबलावर १०० रुपयांपासून सुरुवात करायची, हरलो की रक्कम दुप्पट करायची आणि जिंकलो की पुन्हा १०० वर यायचे, अशी एक पद्धत त्यांनी व्हिडिओत पाहिली. ती खरोखर चालते का, चालत नसेल तर दर डावाला किती लावावे, आणि तिघांनी पैसे एकत्र ठेवावेत का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मांडवी नदीतल्या एका तरंगत्या कॅसिनोवर मी नऊ वर्षे नोकरी केली. पहिली सहा वर्षे पत्ते वाटले आणि पुढची तीन वर्षे टेबलांवर देखरेख केली. त्यामुळे ही पद्धत मी पलीकडच्या बाजूने शेकडो वेळा पाहिली आहे, आणि तिच्याविषयी माझे मत काय असेल याचा अंदाज यावरून येईल की, असा खेळाडू बसला की आम्हा कर्मचाऱ्यांपैकी कोणाच्याही कपाळावर आठी पडत नसे.

माझे वडील सेलूच्या मोंढ्यात एका अडत दुकानावर मुनीम होते, आणि कॅसिनोचा नफा मला तिथल्या वहीमुळेच नीट समजला. कापूस तेजीत विको की मंदीत, त्या काळी शेतकऱ्याच्या पट्टीतून अडत कापली जाई ती भावावर नव्हे, तर विक्रीच्या एकूण रकमेवर. ब्लॅकजॅकमध्ये कॅसिनोचा हिस्सा नेमका असाच असतो. तुम्ही खिशात किती आणले याच्याशी त्याचा संबंध नसून, रात्रभरात टेबलावर एकूण किती रुपये लावले या उलाढालीवर तो निघतो. नियम बरे असतील आणि खेळाडू प्रत्येक डावात योग्य निर्णय घेत असेल, तर हा हिस्सा साधारण अर्धा टक्का असतो. मनाच्या अंदाजाने खेळणाऱ्याला तो दोन टक्क्यांच्या आसपास पडतो. ५०० रुपयांचा एक डाव धरला आणि तासाला ७० डाव होतात असे मानले, तर उलाढाल ३५,००० रुपयांची होते, म्हणजे योग्य खेळणाऱ्याची तासाची सरासरी अडत १७५ रुपये आणि अंदाजाने खेळणाऱ्याची ७०० रुपये. रक्कम कमीजास्त करण्याच्या कोणत्याही पद्धतीने ही टक्केवारी बदलत नाही. बदलते ती फक्त उलाढाल, आणि तोटा कोणत्या आकाराच्या तुकड्यांत येईल ते.

आता दुप्पट करण्याची पद्धत पाहू. १००, २००, ४००, ८००, १,६००, ३,२०० आणि ६,४०० असे सात डाव ओळीने हरले की १२,७०० रुपये गेलेले असतात आणि आठव्या डावाला १२,८०० रुपये लागतात. एका रात्रीसाठी २०,००० रुपये ठेवले असतील तर तुमच्याजवळ ७,३०० उरतात, म्हणजे साखळी तुटली. आणि पैसे असले तरी बहुधा टेबलाची कमाल मर्यादा आड येते. सात डाव ओळीने हरणे दुर्मीळ असेल असे वाटते, पण ब्लॅकजॅकमध्ये ते तितके दुर्मीळ नाही. योग्य खेळूनही माणूस शंभरातले साधारण ४२ डाव जिंकतो, ४९ हरतो आणि उरलेले बरोबरीत सुटतात. बरोबरीचे डाव सोडले तर हरण्याची शक्यता ५३ टक्क्यांच्या वर जाते, आणि सुरू केलेल्या दर ७८ साखळ्यांमागे सुमारे एक साखळी सातव्या पायरीवर तुटते. चार तासांत २८० डाव होतात असे धरले तर त्यात अशी एखादी साखळी येण्याची शक्यता चारात तीनहून थोडी जास्तच आहे. प्रत्येक यशस्वी साखळी १०० रुपये देते आणि तुटलेली साखळी १२,७०० रुपये नेते, इतके हे गणित सरळ आहे.

येथे एक शंका रास्त आहे. ४९ हरायचे आणि ४२ जिंकायचे, तर मग तोटा केवळ अर्धा टक्का कसा? याचे उत्तरच दुप्पट करण्याच्या पद्धतीतला सर्वांत मोठा दोष दाखवते. खेळाडूला पहिल्या दोन पत्त्यांत एकवीस आले (यालाही ब्लॅकजॅकच म्हणतात) तर दीडपट मिळते, आणि हातातले पत्ते चांगले असतील, विशेषतः त्यांची बेरीज दहा किंवा अकरा असेल, तेव्हा मूळ रक्कम दुप्पट करण्याची, तसेच जोडी आली तर ती फोडून दोन डाव करण्याची मुभा असते. जास्त डाव हरूनही खेळाडू जवळजवळ बरोबरीत राहतो तो या तीन सवलतींमुळे. साखळीच्या सातव्या पायरीवर ६,४०० रुपये लावलेल्या माणसाला अकरा आले आणि डीलरसमोर सहाचा पत्ता असला, तर योग्य खेळाप्रमाणे त्याने आणखी ६,४०० टाकायला हवेत. मी पाहिलेल्या बहुतेकांजवळ त्या क्षणी तेवढे पैसे नसत, आणि ज्यांच्याजवळ असत त्यांचा हात थरथरत असे. सर्वांत मोठ्या रकमेच्या डावातच सर्वांत फायद्याची संधी सोडावी लागते आणि अर्धा टक्क्याचा खेळ नकळत कितीतरी महाग होऊन बसतो. व्हिडिओ करणारे ही गोष्ट सांगत नाहीत, कारण ते नाण्याच्या छापा-काट्यासारखा हिशेब मांडतात आणि ब्लॅकजॅक तसा खेळ नाही.

जिंकल्यावर रक्कम वाढवण्याच्या पद्धतीही आहेत, आणि हरल्यावर एकेक टप्पा चढवण्याच्याही. त्या कमी धोकादायक आहेत, कारण रक्कम फार झपाट्याने फुगत नाही. पण फायद्याच्या बाबतीत त्यांचेही तेच आहे. त्यांवर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

मागच्या डावाचा पुढच्या डावाशी काहीच संबंध नसतो का, असेही विचारले जाते. ब्लॅकजॅकमध्ये संबंध असतो, परंतु तो जिंकण्या-हरण्याशी नसून पत्त्यांशी असतो. छोटे पत्ते जास्त निघून गेले असतील तर उरलेल्या पत्त्यांत दहा आणि एक्के दाटतात व खेळाडूची बाजू किंचित वरचढ होते. अमेरिकी सैन्यातल्या चौघांनी १९५६ साली हातगणनयंत्रांवर योग्य निर्णयांचा तक्ता काढून प्रसिद्ध केला, आणि एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने आयबीएमच्या संगणकावर काम करून १९६२ साली पत्ते मोजण्याची रीत पुस्तकातून जगापुढे ठेवली. दोन ते सहापर्यंतच्या पत्त्याला अधिक एक, सात ते नऊ यांना शून्य, दहा, चित्रे आणि एक्का यांना उणे एक असे मोजत जायचे, आणि येणारी बेरीज उरलेल्या कॅटांच्या संख्येने भागायची, ही आज सर्वाधिक वापरली जाणारी रीत. भागाकार एकने वाढला की खेळाडूची बाजू साधारण अर्ध्या टक्क्याने सुधारते. मात्र टेबलावर सतत पिसणारे यंत्र असेल, वापरलेले पत्ते लगेच परत त्यात जात असतील, तर मोजण्यासारखे काही उरत नाही. टेबलावर बसण्याआधी त्या यंत्राकडे एकदा पाहून घ्या. दोन रात्रींच्या पाहुण्याने या मार्गाला लागू नये असे माझे मत आहे, कारण आवाज, दिवे आणि पेय यांच्या गर्दीत बिनचूक मोजायला महिनोन्‌महिने सराव लागतो.

तरीही पत्ते मोजणाऱ्यांकडून रक्कम ठरवण्याची एक शिस्त घेण्यासारखी आहे. बेल प्रयोगशाळेतल्या जॉन केली यांनी १९५६ साली दाखवले की, बाजू आपल्याकडे असेल तेव्हा भांडवलाचा किती भाग लावला असता ते सर्वांत वेगाने वाढते, हे सूत्राने काढता येते. ब्लॅकजॅकमध्ये आपली बाजू एक टक्का असेल तर हा भाग भांडवलाच्या पाऊण टक्क्याजवळ येतो, म्हणजे एक लाख रुपयांवर साधारण ७५० रुपये. आणि एवढी रक्कमही अनुभवी खेळाडूला जड वाटते, कारण पूर्ण सूत्राने खेळल्यास भांडवल कधी ना कधी निम्म्यावर येण्याची शक्यता दोनात एक असते, तर सूत्राच्या निम्मी रक्कम लावल्यास तीच शक्यता आठात एक होते आणि वाढीचा वेग मात्र पाऊणपट टिकतो. ज्यांची बाजू खरोखर वरचढ आहे ती माणसे लाखामागे चार-पाचशे लावतात, आणि ज्यांची बाजू उणे आहे ते २०,००० मधून २,००० लावतात. सूत्राला विचाराल तर उणे बाजूवर लावायची रक्कम शून्य येते. त्यामुळे पुढे जे सांगतो आहे ते कमाईचे नियोजन नसून, करमणुकीसाठी बाजूला काढलेले पैसे ठरलेल्या वेळेपर्यंत पुरवण्याचे नियोजन आहे.

एका रात्रीच्या २०,००० रुपयांच्या चिप्स, म्हणजे पैशांच्या बदल्यात मिळणाऱ्या खेळाच्या चकत्या, आणि चार तासांचे २८० डाव असे धरा. दर डावाला ५०० रुपये लावून योग्य खेळलात तर सरासरी तोटा ७०० रुपये असतो, पण सरासरीच्या दोन्ही बाजूंना नऊ-साडेनऊ हजारांचे हेलकावे अगदी स्वाभाविक असतात. तरीही चार तासांच्या आत चिप्स संपण्याची शक्यता शंभरात चार-पाचच येते. हीच रक्कम १,००० केली तर ती शक्यता दुप्पट होईल असे वाटते, प्रत्यक्षात ती शंभरात ३२ पर्यंत जाते. २,००० लावले तर शंभरात साठच्या पुढे. यावरून माझा साधा नियम असा की, एका बैठकीच्या पैशांचे निदान ४० भाग करावेत आणि दर डावाला एक भाग लावावा, वेळ जास्त काढायचा असेल तर ५० भाग करावेत. टेबलाची किमान रक्कम यापेक्षा जास्त असेल तर ते टेबल आपले नाही असे समजून उठावे. शनिवारी रात्री किमान रक्कम वाढवली जाते असा माझा अनुभव आहे, तेव्हा आठवड्याच्या मधले दिवस पाहावेत.

आता ज्या गोष्टीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही ती सांगतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत चिप्स घेण्यासाठी दिलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो दर ४० टक्के झाला. तुम्ही दिलेल्या २०,००० मध्येच हा कर धरला, तर ५,७१४ रुपये करात जातात आणि १४,२८६ रुपयांच्या चिप्स उरतात. चार तासांची अडत ७०० रुपये आणि दारातला कर त्याच्या आठपट. हा बोजा तुमच्यावर नेमका कसा टाकला जातो हे चिप्स देणाऱ्या खिडकीवर पैसे काढण्यापूर्वीच स्पष्ट विचारून घ्यावे. नियमाचे दोन बारकावे उपयोगाचे आहेत. न वापरलेल्या चिप्स परत केल्या तरी त्यांवरचा कर कमी होत नाही, आणि जिंकलेली रक्कम न काढता पुढे खेळात लावली तर तिच्यावर पुन्हा हा कर लागत नाही. म्हणून सुरुवातीलाच २०,००० च्या चिप्स घेऊन बसू नये. आधी ७-८ हजारांच्या घ्याव्यात, लागतील तशा वाढवाव्यात, आणि मध्येच चिप्स मोडून नंतर पुन्हा घेण्याचा प्रकार टाळावा. १४,२८६ रुपयांच्या चिप्सवर ५०० रुपयांचा डाव मांडला तर लवकर संपण्याची शक्यता शंभरात पंधराच्या घरात जाते, ३०० रुपयांचा मांडला तर ती शंभरात दोनच्या आसपास उतरते. तुमच्या पाकिटाला मी म्हणूनच ३०० रुपये सुचवतो. शिवाय जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर असून हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही, हे तुमच्या हिशेबनिसालाही सांगून ठेवा.

टेबल निवडणे हाही पैशांच्या नियोजनाचाच भाग आहे, किंबहुना माझ्या मते मोठा भाग आहे. टेबलाच्या कापडावर ब्लॅकजॅकला तीनास दोन मिळते की सहास पाच, हे छापलेले असते. ५०० रुपयांवर पहिल्यात ७५० मिळतात, दुसऱ्यात ६००. ब्लॅकजॅक साधारण २१ डावांत एकदा येतो, म्हणजे २८० डावांत तेरा वेळा, आणि तेरा वेळा १५० रुपये कमी मिळाले की दोन हजारांच्या आसपास रक्कम कोणाच्याही लक्षात न येता जाते. डीलरने एक्का अकरा मोजून आलेल्या सतरावरही पत्ता घ्यायचा असा नियम असेल तर आणखी सुमारे ०.२ टक्के तुमच्या विरुद्ध जातात. डीलरसमोर एक्का आला की इन्शुरन्स, म्हणजे डीलरला ब्लॅकजॅक लागेल अशी वेगळी पैज, घेता का असे विचारले जाते. त्याला नेहमी नाही म्हणावे. सहा कॅटांत ३१२ पत्ते, त्यातले ९६ दहा किमतीचे, आणि ही पैज दोनास एक या दराने मिळते, त्यामुळे तिच्यावर कॅसिनोचा हिस्सा सात टक्क्यांहून जास्त पडतो. ‘तुमच्याकडे ब्लॅकजॅक आहे, तर सुरक्षित म्हणून घ्या’ असे शेजारचा खेळाडू सांगतो. मी डीलर असताना कोणाला सल्ला देऊ शकत नव्हतो, आता देतो की तेव्हाही घेऊ नये. जोड्यांवर किंवा रंगांवर लावायच्या बाजूच्या पैजाही मुख्य डावापेक्षा बऱ्याच महाग असतात.

खेळण्याचा तक्ता येथे पूर्ण देत नाही, कारण तो टेबलाच्या नियमांप्रमाणे थोडा बदलतो. काही टेबलांवर डीलर स्वतःचा दुसरा पत्ता आधी घेत नाही आणि नंतर त्याला ब्लॅकजॅक लागल्यास तुमची दुप्पट केलेली सगळी रक्कम जाते. तिथे डीलरसमोर दहा किंवा एक्का असताना अकरावर दुप्पट करू नये आणि आठची जोडीही फोडू नये. एरवी एक्के आणि आठ फोडावेत, दहाची जोडी कधीही फोडू नये, आणि बारावर डीलरचा दोन किंवा तीन पाहून थांबण्याची सवय मोडावी, तिथे पत्ता घ्यावा लागतो. छापील तक्ता घेऊन घरी आठ दिवस बसा, त्याने दोन टक्क्यांचा हिस्सा अर्ध्या टक्क्यावर येतो. कोणतीही पैज लावण्याची पद्धत एवढी बचत करून देत नाही.

किती हरल्यावर थांबावे याचे उत्तर पाकीट संपल्यावर हेच आहे, मात्र त्यासाठी दोन रात्रींची दोन पाकिटे घरूनच वेगळी करून आणावीत आणि कार्ड व पैसे पाठवण्याचे ॲप असलेला फोन हॉटेलच्या खोलीत ठेवावा. किती जिंकल्यावर उठावे याचा फार विचार करू नका. जिंकण्याचा आकडा ठरवून बसलेली माणसे त्या आकड्याच्या जवळ येऊन तासन्‌तास अडकलेली मी पाहिली आहेत. त्याऐवजी घड्याळ लावावे, कारण उलाढाल वेळेबरोबर वाढते. भरलेल्या टेबलावर बसावे, म्हणजे तासाचे डाव कमी होतात. रिकाम्या टेबलावर डीलरसमोर एकटे बसलेल्या माणसाला तासात दोनशे डावसुद्धा मिळतात आणि त्याची अडत तिप्पट होते. हंगामाच्या तोंडावर उचल घेतलेले, किंवा शेतकऱ्यांना द्यायचे असलेले पैसे घेऊन आलेला आपल्याकडचा एक व्यापारी माझ्या टेबलावर तीन रात्री बसला होता. त्याच्या खेळात चुका फारशा नव्हत्या, पण आपले नसलेले पैसे लवकर भरून काढायचे म्हणून तो दर तासाला रक्कम वाढवत गेला. तुमच्या बाबतीत तसे काही असेल, किंवा परतल्यावर खेळाचा विचार सुटत नसेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येते. ऑनलाइन ब्लॅकजॅकचा सराव पैसे लावून करू नये हेही सांगतो, कारण पैशांचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केले आहेत आणि महाराष्ट्रात जुगाराचे अड्डे १८८७ पासूनच्या कायद्याने गुन्हा आहेत.

शेवटचा प्रश्न एकत्र गल्ल्याचा. तिघे एकाच टेबलावर बसून पैसे एकत्र ठेवले तर जोखीम वाटली जाईल असे वाटते, पण तिघांसमोर डीलर एकच असतो. त्याला वीस आले की तिघेही बहुधा एकदमच हरतात, आणि तो एकवीसच्या पुढे जाऊन फुटला की आधी स्वतः न फुटलेले सगळे एकदमच जिंकतात, त्यामुळे हेलकावे वाटले जाण्याऐवजी बरेचसे एकावर एक चढतात. एकत्र गल्ला करायचाच असेल तर वेगवेगळ्या टेबलांवर बसा. माझा सल्ला मात्र पाकिटे वेगळी ठेवण्याचा, उसनवारी अजिबात न करण्याचा, आणि ज्याचे पाकीट आधी संपेल त्याने वरच्या मजल्यावर जेवायला जाण्याचा आहे. प्रवेशाच्या तिकिटात जेवणाचे पैसे बहुधा धरलेलेच असतात, आणि मासे सहसा ताजे असतात.